पक्ष्याचा डोळा पुरे झाला

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मामाचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट प्रश्न : "बाळा, पोरीला नवीन रायफल घ्यायला पतसंस्थेचं कर्ज काढू, का तिला डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊ?"

मामा मंचरजवळ राहतो. कांदा, बटाटा, थोडा ऊस. त्याची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, सोळा वर्षांची. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेला पदक मिळालं त्या आठवड्यात तिने हट्ट धरला आणि मामाने तो पुरवला. मामाने वापरलेली एअर रायफल आणली. नवी चाळ बांधल्यापासून कांद्याची जुनी चाळ रिकामी होती. तिच्या मधल्या गल्लीत दहा मीटर मोजून एका टोकाला टार्गेट लावलं. गावात पहिले दोन महिने लोक एकच प्रश्न विचारत होते, "बिबट्या मारणार का?" जुन्नर-आंबेगावात बंदूक म्हटलं की पुढचं वाक्य बिबट्याचंच असतं. मग लोकांना सवय झाली. पोरगी चांगली मारायला लागली. साठ छर्‍यांना सहाशेच्या आसपास, म्हणजे सरासरी दहा. सुरुवातीच्या वर्षात हे वाईट नाही.

मग छर्रे सरकायला लागले. सकाळी सगळे एका जागी पडायचे, संध्याकाळी सगळे दुसर्‍या जागी. घरी एक, क्लबात तिसरंच. ग्रुप पहिल्याइतकाच लहान, पण जागा वेगळी. क्लबातल्या सरांनी निदान केलं : मन थार्‍यावर नाही. मोबाईल काढून घ्या, रोज वीस मिनिटं ध्यान लावायला सांगा, अर्जुनाचं चरित्र वाचू द्या. मोबाईल गेला, ध्यान झालं, छर्रे सरकतच राहिले. मग त्याच क्लबातून दुसरं निदान आलं : रायफल गेली. नवी घ्या. चांगली परदेशी मॅच रायफल दोन-अडीच लाखांच्या घरात जाते.

म्हणून हा फोन. एकीकडे कर्ज, दुसरीकडे डॉक्टर, आणि मध्ये एक सोळा वर्षांची मुलगी. आपल्यातच काहीतरी खोट आहे यावर तिचा विश्वास बसत चालला होता.

मी नेमबाज म्हणून सामान्य आहे. इंजिनिअरिंगला असताना हाताला लागलेला नाद, आता हिंजवडीच्या नोकरीतून वेळ मिळेल तसा जपलेला. पण पोटापाण्यासाठी मी दिवसभर एकच काम करतो : काल चालणारी गोष्ट आज का चालत नाही, हे शोधणं. त्या कामाच्या बळावर सांगतो, वरची दोन्ही निदानं निदानं नव्हतीच. शोध घ्यायचा कंटाळा आला की माणूस ज्या दोन दारांतून पळ काढतो, ती ती दोन दारं आहेत. एका दारावर लिहिलंय 'मन', दुसर्‍यावर 'सामान'.

अर्जुनाने केलेलं नुकसान

आधी पहिलं दार. आपल्याकडे नेमबाजीबद्दल बोलायला तोंड उघडलं की द्रोणाचार्य येतात. झाड दिसतं का, फांदी दिसते का, पक्षी दिसतो का. अर्जुनाला फक्त डोळा दिसतो, म्हणून अर्जुन श्रेष्ठ. बक्षीस समारंभातल्या भाषणांत, पेपरातल्या लेखांत, क्लबच्या भिंतींवर हीच गोष्ट. देशाचा मोठा क्रीडा पुरस्कारही त्याच्याच नावाचा.

गोष्ट सुंदर आहे. पण रायफलवाल्या मुलीला ती सांगणं म्हणजे तिला चुकीची तांत्रिक सूचना देणं आहे.

टार्गेट रायफलला दुर्बीण नसते. मागे एक बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाशी एक रिंग, आणि लांबवर काळं वर्तुळ. भोकातून रिंग आणि रिंगेत काळं वर्तुळ, अशी एकात एक मांडणी बसवायची. माणसाचा डोळा जवळच्या रिंगेवर आणि लांबच्या टार्गेटवर एकाच वेळी सारखा स्पष्ट बसू शकत नाही. एक निवडावं लागतं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात : नजर पुढच्या रिंगेवर ठेव, टार्गेट थोडं अंधुक दिसलं तरी चालेल, दिसायलाच हवं. कारण टार्गेटकडे टक लावलीस की रिंग कुठे सरकली ते कळणारच नाही, आणि रिंग केसभर सरकली तरी छर्रा कुठल्या कुठे जातो.

म्हणजे 'मला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो' असं या खेळात कुणी म्हणालं, तर प्रशिक्षकाने त्याला थांबवायला हवं. त्यापेक्षा द्रौपदीच्या स्वयंवराची आपल्याकडे सांगतात ती गोष्ट बरी. तिथे मासा वर फिरतोय आणि अर्जुन खाली पाण्यातलं प्रतिबिंब बघतोय. लक्ष्याकडे थेट न बघता मधल्या साधनावर नजर ठेवायची, हे तिथे निदान आहे तरी.

झिरो रायफलमध्ये नसतो

दुसरं दार सामानाचं. 'रायफलचा झिरो हलला' हे वाक्य सगळे म्हणतात, मीही म्हणतो. झिरो म्हणजे साइटची अशी जुळणी, की जिथे बघाल तिथे गोळी लागेल. वाक्यरचनेवरून वाटतं, झिरो हा रायफलचा गुण आहे, जसं तिचं वजन किंवा लांबी. तसं नाही.

पुरावा म्हणून स्वप्नीललाच घेऊ. १ ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी जिंकलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसर्‍या दिवशी मथळे काय? धोनीसारखा शांत. रेल्वेत तिकीट तपासनीस, धोनीही होता. डोकं थंड. सगळं मनाबद्दल.

आता त्या प्रकाराचं नाव पुन्हा वाचा : थ्री पोझिशन्स. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून, उभं राहून. रायफल तीच, नळी तीच, गोळ्या त्याच, माणूस तोच. तरीही या प्रकारातले नेमबाज प्रत्येक पोझिशनला साइटचे क्लिक बदलतात. कारण गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे ढकलायला लागलेली असते. खांदा, गाल, हात आणि पट्टा तिला कसे धरून आहेत, त्यावर तिचा तो बारीकसा हिसका कुठे वळणार हे ठरतं. मानेचा कोन बदलला की डोळा भोकामागे वेगळ्या जागी येतो. एका सामन्यात, एका रायफलला, तीन झिरो. मग झिरो रायफलचा कसा?

झिरो असतो रायफल, माणूस, दारूगोळा, उजेड आणि हवा या सगळ्यांच्या मिळून झालेल्या एका तात्पुरत्या करारात. यातला एकजण जरी बदलला, तरी करार मोडला.

थोडं गणित करू, मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरने होईल एवढंच. पॉइंट टू टू ची मॅच गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. ५० मीटरला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळपास १२५ मिलिमीटर खाली ओढतं. साइट हे खाली येणं आधीच धरून लावलेली असते. आता वेग फक्त एक टक्का बदलला, तर खाली येणं दोन टक्के बदलतं : अडीच मिलिमीटर. या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा पूर्ण व्यास १०.४ मिलिमीटर. म्हणून जगातले मोठे नेमबाज एली किंवा लापुआसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जाऊन, नळी शिकंज्यात आवळून, एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि पटलेला लॉट वर्षभराचा विकत घेतात. डबा तोच, नाव तेच, किंमत तीच, पण लॉट बदलला की जागा बदलू शकते.

रायफल एक अंश तिरकी धरली गेली, तर ५० मीटरला गोळी दोन मिलिमीटर बाजूला जाते. एक अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याने दहा सेकंदांत कापलेलं अंतर, आरशात बघूनही कळणार नाही एवढा. आडवा वारा सेकंदाला एक मीटर, म्हणजे अगरबत्तीचा धूर तिरका होईल एवढा, तर सहा-सात मिलिमीटर. म्हणून ५० मीटरच्या रेंजवर वार्‍याच्या छोट्या झेंड्या लावलेल्या असतात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, तो प्रकार असाच उघड्या वार्‍यातला. नळी साफ केली की पहिल्या काही गोळ्या वेगळ्या जागी जातात, नळीत पुन्हा चरबीचा थर बसेपर्यंत. लाकडी दस्ता पावसाळ्यात पाणी पितो, फुगतो, आणि नळीला धरून ठेवणार्‍या स्क्रूंचा ताण बदलतो.

एअर रायफलला वारा नाही, पण सुटकाही नाही. तिथे एक रिंग अडीच मिलिमीटरची आणि गुणाचा दहावा भाग पाव मिलिमीटरचा. सिलिंडरमधला दाब फार उतरला, रेग्युलेटर बराच वेळ पडून राहिला, छर्‍याचा डबा बदलला, जाड जॅकेट घामाने मऊ झालं, गालाखालची पट्टी दोन मिलिमीटर वरखाली झाली, उजेड उजवीकडून आला की डावीकडून, यातलं काहीही तो पाव मिलिमीटर खाऊ शकतं.

ही यादी वाचून 'मन' हा शब्द जरा गरीब वाटायला लागला असेल, तर माझं अर्धं काम झालं.

खोडदच्या अँटेनांना कुणी ध्यान लावायला सांगत नाही

मी नारायणगावच्या पट्ट्यातला. आमच्याकडच्या शाळेतल्या पोरांची २८ फेब्रुवारी खोडदला जाते. विज्ञान दिनाला तिथली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप बघायला मिळते, शाळांचे प्रयोगही मांडतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, काही खोडदला एकत्र, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. टोमॅटोच्या शेतात उभं राहून मान वर केली की एखादी दिसते. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, जगभरातले शास्त्रज्ञ जिथे वेळ मागतात असं हे यंत्र.

हे यंत्र प्रत्येक निरीक्षणाच्या आधी काय करतं? ज्याची जागा आणि तेज आधीपासून पक्कं माहीत आहे अशा एका आकाशस्थ स्रोताकडे बघतं. त्यावरून आज आपण किती चुकतोय ते मोजतं. मग खर्‍या कामाकडे वळतं. आणि काम चालू असताना मधूनमधून पुन्हा जवळच्या एका ओळखीच्या स्रोताकडे जाऊन तपासतं, कारण तेवढ्या वेळात वरच्या वातावरणाने आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या तापमानाने उत्तर पुन्हा सरकवलेलं असतं.

तीसच्या तीस अँटेना काल बरोबर होत्या म्हणून आज बरोबर असतील, असं तिथे कुणी गृहीत धरत नाही. सरकणं हा तिथे अपमान नाही, रोजचा कारभार आहे. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्याची नोंद ठेवतात. खोडदपासून मंचर काही फार लांब नाही. एका बाजूला जगातलं हे नाजूक यंत्र रोज स्वतःची चूक मोजून मग आकाशाकडे बघतं, आणि तासाभराच्या अंतरावर एका मुलीचे छर्रे पाच मिलिमीटर सरकले म्हणून तिला अर्जुनाचं चरित्र वाचायला देतात. मला या गोष्टीचा राग येतो.

निम्मं सरकणं सरकणंच नसतं

आता माझ्याच जातभाईंना, म्हणजे मोजमापवाल्यांना, चार शब्द. कारण आम्ही दुसर्‍या टोकाला जाऊन तेवढाच मूर्खपणा करतो.

समजा एखाद्या नेमबाजाची सरासरी दहा आहे. तिचे छर्रे मध्यबिंदूभोवती प्रत्येक दिशेला साधारण दोन मिलिमीटरने विखुरतात. हा तिचा आजचा नैसर्गिक विखुरलेपणा. ती सकाळी पाच छर्रे मारते, संध्याकाळी पाच मारते, आणि दोन्ही ग्रुपचे मध्य ताडून बघते. पाचच्या सरासरीत दोन भागिले पाचाचं वर्गमूळ, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा डळमळीतपणा असतोच. दोन सरासर्‍यांच्या फरकात तो सव्वा मिलिमीटर होतो. म्हणजे काहीही, अगदी काहीही बदललेलं नसताना, दोन वेळच्या ग्रुपमध्ये अधूनमधून अडीच मिलिमीटरपर्यंत फरक दिसणारच. एक आख्खी रिंग! सरकलेलं काहीच नाही, पण कागदावर मात्र सरकलेलं दिसतंय.

आणि मग आपण काय करतो? साइट फिरवतो. एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ कारखान्याच्या लोकांना एक प्रयोग करून दाखवायचा. नरसाळ्यातून गोळी टेबलावरच्या खुणेवर टाकायची. गोळी जितकी बाजूला पडली तितकं नरसाळं उलट्या बाजूला सरकवायचं. वाटतं, नेम सुधारेल. प्रत्यक्षात पसारा वाढतो. दर वेळी आधीची चूक उलटी करायला गेलं की विचलनाचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे पसारा सुमारे १.४ पट. मुकाट्याने नरसाळं एका जागी ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

प्रत्येक छर्‍यामागे क्लिक फिरवणारा नेमबाज आणि प्रत्येक एररमागे घाईघाईने कोड बदलणारा माझ्यासारखा इंजिनिअर, दोघेही हेच नरसाळं ढकलत असतात. म्हणून प्रश्न दोन आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिला : खरंच सरकलंय का? दुसरा : सरकलं असेल तर कशामुळे? आपण दोन्ही ओलांडून तिसर्‍यावर उडी मारतो : कुणामुळे?

चाळीतली वही

मी मामाला म्हणालो, "तीन आठवडे काही करू नका. कर्ज नको, डॉक्टर नको. एक वही आणा."

वहीत फार काही नव्हतं. तारीख, वेळ, जागा, उजेड कुठून, डबा कुठला, सिलिंडरचा दाब, साइटचे क्लिक. ग्रुप पाचाचे नाहीत, वीस-वीसचे. आणि एक कडक नियम : वीस पूर्ण होईपर्यंत साइटला हात लावायचा नाही. ती कंटाळली, चिडली. "दादा, हे अकाउंटचं पुस्तक आहे का?" म्हणाली. पण लिहीत राहिली.

दुसर्‍या रविवारी मी गेलो तेव्हा पानांवरूनच निम्मं कळत होतं. सकाळचे ग्रुप डावीकडे, संध्याकाळचे उजवीकडे, आणि वीसच्या ग्रुपमध्येही फरक तसाच. म्हणजे हे निव्वळ विखुरणं नव्हतं. ढगाळ दिवशी मात्र फरक जवळजवळ नाही. चाळ दक्षिणोत्तर, ती उत्तरेकडे तोंड करून मारते. कांदा हवेशीर राहावा म्हणून चाळीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या-पट्ट्यांच्या भिंती. सकाळचं ऊन उजव्या फटींतून टार्गेटवर आणि पुढच्या साइटवर, संध्याकाळचं डाव्या फटींतून. ज्या कडेवर ऊन पडतं ती कड पांढर्‍यात विरघळते, काळं वर्तुळ दुसर्‍या बाजूला सरकल्यासारखं दिसतं, आणि डोळा प्रामाणिकपणे त्या खोट्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरतो. मन नव्हे. ऊन.

शेडनेटचे दोन जुने तुकडे बाजूंना बांधले, टार्गेटवर एक एलईडी लावला. सकाळ आणि संध्याकाळ एकमेकांजवळ आली.

घर आणि क्लब यांतला फरक तरी उरलाच. तोही वहीनेच सोडवला. क्लबला जाताना रायफल केसमध्ये बसत नाही म्हणून ती गालाखालची पट्टी काढायची आणि तिकडे गेल्यावर अंदाजाने लावायची. प्रत्येक वेळी वेगळी उंची, प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी. पट्टीच्या दांड्यावर नेलपॉलिशची एक रेघ मारली. खर्च शून्य रुपये, बाटली मामीची.

सगळं सुटलं का? नाही. काही दिवशी अजूनही ग्रुप सरकतो आणि कारण सापडत नाही. पण आता त्या दिवसापुढे 'कारण माहीत नाही' असं लिहिलेलं असतं. 'मी नालायक' असं लिहिलेलं नसतं.

"पण मन असतंच ना?"

असतं. हे नाकारलं तर माझाही लेख एक दार होईल. दडपणाखाली नाडी वाढते, बोट घोड्यावर घाई करतं, सराव करणारा माणूस आणि सामन्यातला माणूस एकच नसतो. ध्यानाने कुणाला फायदा होत असेल तर जरूर करावं. माझी तक्रार ध्यानाबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. उजेड, पट्टी, दाब, डबा, वारा, पोझिशन हे तपासून झाल्यावर जे उरतं त्याला मन म्हणा. आधीच म्हणू नका. कारण 'मन' हे असं उत्तर आहे जे कधीच चूक ठरत नाही. छर्रे सुधारले तर मन लागलं, नाही सुधारले तर अजून लागलं नाही. जे उत्तर कुठल्याच पुराव्याने खोटं पडू शकत नाही, ते उत्तर नसतं.

अभिनव बिंद्राचं उदाहरण घ्या. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग. पात्रता फेरीत ५९६ गुण, चौथा. अंतिम फेरीआधी सरावाचे छर्रे मारायला घेतले, तर ते भलत्याच जागी. मधल्या काळात साइट हलली होती. त्याने नंतर आत्मचरित्रात याबद्दल लिहिलं आहे. आयुष्यातला सर्वांत मोठा सामना मिनिटांवर आलेला. अशा वेळी ज्याला लहानपणापासून 'चूक म्हणजे तुझं मन' हेच शिकवलंय, तो डोळे मिटून श्वास मोजत बसला असता, आणि सगळे छर्रे तिथेच गेले असते. बिंद्राने साइट दुरुस्त केली. अंतिम फेरीत १०४.५, शेवटचा छर्रा १०.८, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्याचं मन खंबीर होतंच. पण त्या खंबीर मनाचा उपयोग त्याने चूक मनाची नाही हे ओळखायला केला. स्वतःचं रोजचं मारणं कसं असतं हे त्याला इतकं नेमकं माहीत होतं, की 'हा मी नाही, ही साइट आहे' असं तो काही छर्‍यांत म्हणू शकला. आत्मविश्वास आत्मविश्वास म्हणतात तो हा. तो सुविचारांनी येत नाही, नोंदींनी येतो.

हा आरोप कुणावर होतो?

माझ्या धंद्यात सर्व्हर पडला की नंतर एक बैठक होते. चांगल्या टीममध्ये तिचा पहिला नियम असतो : कुणी केलं हे विचारायचं नाही, कसं झालं ते विचारायचं. हा नियम साधुत्वातून आलेला नाही. माणसाला दोष दिला की लोक माहिती लपवतात आणि तोच बिघाड पुन्हा होतो, हे पैसे घालवून कळलं म्हणून आला.

खेळात ही चैन कुणाला परवडते? शहरातल्या मोठ्या क्लबच्या मुलाचे छर्रे सरकले तर तिथे वेग मोजायचं यंत्र असतं, दुसरी रायफल असते, सारखा उजेड असतो, विचारायला चार माणसं असतात. त्याची चूक आधी सामानात शोधली जाते. आंबेगावच्या मुलीकडे मोजायला काही नसतं. म्हणून तिच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त सुटा भाग दोषी ठरतो : ती स्वतः. त्यातून ती मुलगी असेल तर मोबाईल, मैत्रिणी, 'वयच तसं' असली सगळी कारणं घरात तयारच असतात. 'मन चंचल आहे' हे वाक्य मुलाला सल्ला म्हणून मिळतं, मुलीला निकाल म्हणून.

आणि दुसरं दार, अडीच लाखांचं? तेही गरिबालाच महाग पडतं. नवी रायफल आली असती तर ऊन काही थांबलं नसतं. नव्या रायफलचे छर्रेही सकाळी डावीकडे आणि संध्याकाळी उजवीकडे गेले असते. मग घरात कर्जाचे हप्ते असते आणि आरोपीच्या पिंजर्‍यात एकच जण उरली असती. मुलं खेळ सोडतात ती अशी. हरून नाही, खोट्या निदानाने.

माझं मागणं फार नाही. तालुक्याच्या प्रत्येक रेंजवर टार्गेटवर सारखा उजेड असावा. स्क्रू ठरलेल्या ताणाने आवळायचा पाना असावा. महिन्यातून एकदा रायफल शिकंज्यात धरून तपासायची सोय असावी, म्हणजे रायफल आणि माणूस वेगळे करून बघता येतील. आणि प्रत्येक मुलाकडे वही असावी. 'तुझं मन लागत नाही' असं म्हणण्याआधी प्रशिक्षकाने ती वही उघडावी, एवढं बंधन असावं. तुम्ही नेमबाज नसाल तरी हे तुमच्या कामाचं आहे. परीक्षेत, नोकरीत, कुठेही तुम्हाला कुणी 'तुझं लक्षच नाही' म्हणालं, तर एकदा नम्रपणे विचारा : तुम्ही काय काय तपासलंत?

मामाने कर्ज काढलं नाही. मोबाईलही परत मिळाला, कारण वहीचे फोटो मला पाठवायला तो लागतो. यंदा कांद्याला भाव नाही, म्हणून नवी चाळ भरून जुन्या चाळीतही कांदा गेला आहे. रेंज आता गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलली. तिथून आलेल्या पहिल्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. वर तारीख, वेळ, दाब, डबा. जागेच्या रकान्यात 'शेड, उजेड मागून'. पहिले वीस छर्रे सगळे वर, दीड रिंग. खाली तिने लिहिलंय : 'नवी जागा. साइटला हात लावला नाही. उद्या परत वीस.'